झाकणाची फट

मिटलेला झिप्पो लायटर हातात धरला की बोट आपसूक एका रेघेवर जाऊन थांबते. क्रोमचा मुलामा चढवलेल्या त्या गुळगुळीत पितळी अंगाला या रेघेने आडवा वेढा घातलेला असतो. ती समोरून निघते, गोलावलेल्या कडेवरून वळते, पाठीवरून पुढे सरकते आणि बिजागरीच्या बारीक नळ्यांपाशी येऊन विसावते. झाकण आणि डबी यांची ही संधी. नखाला ती जाणवते, पण नख तिच्यात शिरत नाही, इतकी ती सूक्ष्म. आणि तरीही जे नखाला जमत नाही ते आतल्या इंधनाला लीलया जमते. लायटर काठोकाठ भरून टेबलाच्या खणात ठेवावा, आठवडा-दहा दिवसांनी आठवणीने बाहेर काढावा, अंगठ्याने चाक फिरवावे. ठिणग्यांचा फवारा नेहमीसारखाच उडतो आणि ज्योत मात्र येत नाही. थेंबभरही न जळता सगळे इंधन निघून गेलेले असते.

पुन्हा पुन्हा भरता येणारे लायटर बाळगणाऱ्यांची ही सनातन तक्रार. तिच्यावर तोडगे सुचवणारेही तितकेच सनातन. आपण त्या तोडग्यांकडे जाणारच आहोत, पण त्याआधी ही रेघ जरा सावकाश वाचू या. माझे मत असे, की या लायटरचे लावण्य आणि त्याची गळती ही दोन्ही या एकाच रेघेत वस्तीला आहेत. गळती तेवढी काढून लावण्य मागे ठेवायला निघालेल्या बहुतेकांच्या हाती शेवटी निराळाच लायटर आलेला आहे.

आधी इंधनाचा स्वभाव पाहू. समईत तेल घालून ठेवले आणि काही कारणाने वात लावायची राहिली, तर दुसऱ्या दिवशी तेल होते तेवढेच असते. आठ दिवसांनीही फारसे उणे झालेले नसते. तिळाच्या तेलाला वाफ होण्यासाठी ज्योतीची ऊब लागते, म्हणून समई लावताना काडी क्षणभर वातीला टेकवून धरावी लागते. लायटरमध्ये एवढी उसंत कुठली? तिथे ठिणगी जन्मते आणि सेकंदाचा अंशही पुरा होण्याआधी विझून जाते. तेवढ्या अवधीत तिने तेल तापवावे, त्याची वाफ करावी आणि मग ती पेटवावी, ही अपेक्षाच अवास्तव. वाफ आधीपासून तयार हवी, वातीच्या टोकाशी तिष्ठत उभी हवी. म्हणून लायटरमध्ये खनिज तेलाचा एक हलका अंश, म्हणजे नॅफ्था, घातला जातो. हेक्सेन, हेप्टेन या कुळातली ही द्रव्ये. पाणी उकळायला १०० अंश सेल्सिअस लागतात, हेक्सेनला ६९ पुरतात. आणि उकळायची वाट न पाहता, नुसत्या घरातल्या हवेतच, ते उडून जायला अधीर असते. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. २० अंशांना तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सहाव्या हिश्शाइतका, आणि ३५ अंशांना, म्हणजे अंगाला चिकटलेल्या खिशात, सुमारे दुप्पट.

या आकड्यांकडे रसिकाच्या नजरेने पाहावे. पहिल्याच फटक्याला पेटण्याचे जे कौतुक आपण या लायटरचे करतो, ते खरे तर या उतावीळपणाचे कौतुक आहे. पळून जाण्याची ओढ नसलेले इंधन ठिणगीला भुलणारच नाही. रॉकेल घालून पाहावे. ते खिशात पुष्कळ दिवस टिकेल, आणि त्या दिवसांत पेटायलाही सहजी तयार होणार नाही. आपल्याकडे कित्येकांनी सोय म्हणून पंपावरचे पेट्रोलच लायटरच्या पोटातल्या कापसावर ओतले. ते पेटते, पण त्याच्या उग्र वासाने खिसा आणि बोटे दोन्ही भरून जातात, शिवाय त्यातल्या बेन्झीनचा विचार केला तर ती काटकसर न केलेलीच बरी.

आता झाकण मिटू या. ज्योत विझते ती फुंकरीने नव्हे, कोंडल्यामुळे. झाकणाखालचा प्राणवायू संपतो आणि वात निमूटपणे काळी होते. पण वात ओलीच असते, तिच्यावरून वाफ उठतच राहते आणि झाकणाखालच्या त्या चिमुकल्या दालनात साठू लागते. काही वेळाने दालन संपृक्त होते. सर्वसाधारण खोलीच्या तापमानाला हेक्सेनच्या अशा संपृक्त हवेत वाफेचे प्रमाण सुमारे १६ टक्के भरते. आता मौज अशी, की हेक्सेनची वाफ हवेत साधारण १.१ ते ७.५ टक्के असेल तेव्हाच पेटू शकते. त्याहून कमी असेल तर दुबळी, अधिक असेल तर गुदमरलेली. म्हणजे मिटलेल्या झाकणाखाली इतकी समृद्धी दाटलेली असते की तिथे आग लागूच शकत नाही. झाकण उघडते, बाहेरची हवा आत घुसते, दाट वाफ विरळ होत जाते, आणि १६ वरून शून्याकडे उतरताना वातीभोवती कुठेतरी पेटण्याजोगा पट्टा तयार होतो. नेमक्या त्याच वेळी अंगठा चाकावरून घसरतो. उघडणे आणि ठिणगी पाडणे ही आपल्या लेखी एकाच हालचालीची दोन अंगे आहेत. त्या दोहोंमधल्या निमिषात हवेने आपले काम उरकून घेतलेले असते.

आणि या दालनाला भरायला इंधन लागते तरी किती? झाकणाखालची पोकळी पाच मिलिलिटर धरली, तर ती संपृक्त करायला तीनेक मिलिग्रॅम पुरतात. लायटरच्या पोटात चहाच्या चमच्याएवढे, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम इंधन असते. म्हणजे हजारावा हिस्सा! तेवढी वाफ झाली की द्रवातून जितके रेणू उडतात तितकेच परत येऊन मिसळतात आणि हिशेब बरोबरीत सुटतो. फट नसती, तर हजारातले नऊशे नव्याण्णव भाग वर्षभर जागच्या जागी राहिले असते. इंधन जाते ते दालन भरते म्हणून नव्हे, भरलेले दालन सतत रिते होत राहते म्हणून. त्या रेघेतून वाफ झिरपते, तिची जागा घ्यायला हवा आत येते, तोल पुन्हा बिघडतो, वात पुन्हा वाफ पुरवते. भर पडते ती खिशातल्या ऊन-गारव्याची. अंगाच्या उबेने आतली हवा फुगते आणि फटीतून थोडी बाहेर पडते. रात्री शर्ट खुंटीवर गेला की लायटर निवतो आणि बाहेरची कोरडी हवा आत ओढून घेतो. खिशातला लायटर असा रात्रंदिवस श्वास घेत असतो.

मग ही फट ठेवली कोणी? तिचा इतिहास मोठा रंजक आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचे तेलविहिरींचे गाव आहे. तिथल्या जॉर्ज ब्लेझडेल या गृहस्थांनी १९३२ साली गावच्या क्लबात एका स्नेह्याच्या हाती ऑस्ट्रियन बनावटीचा लायटर पाहिला. दिसायला बेंगरूळ, पत्रा पातळ आणि पटकन पोचा येणारा. झाकण वेगळे काढावे लागे, त्यामुळे एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात झाकण घेऊन माणूस उभा. पण त्याची वातीभोवतीची भोके पाडलेली चिमणी अशी नामी, की वाऱ्यातही ज्योत टिके. ब्लेझडेल यांनी आधी तोच लायटर अमेरिकेत विकून पाहिला, तो चालला नाही. मग त्यांनी चिमणी ठेवली आणि बाकी सारे बदलले. तळव्यात मावणारी चौकोनी डबी केली आणि झाकण बिजागरीने डबीलाच जोडून टाकले. १९३३च्या आरंभी पहिले झिप्पो लायटर तयार झाले. किंमत १ डॉलर ९५ सेंट, आणि सोबत हमी अशी, की लायटर बिघडला तर तो कायम फुकट दुरुस्त करून मिळेल. (हमी लायटरची, इंधनाची नव्हे, हे चतुर कलम त्या काळी कुणाच्या ध्यानात आले असेल का, असे मला राहून राहून वाटते.) पेटंट १९३६मध्ये मिळाले.

या साऱ्या बदलांत आपण बिजागरीपाशी थोडे रेंगाळू. वेगळे निघणारे झाकण घट्ट बसवता येते. त्याला आटे पाडता येतात, आत रबरी वायसर टाकता येतो, पिळून बंद करता येते. बिजागरीच्या झाकणाचे तसे नाही. ते वर्तुळाच्या कंसात फिरत येऊन काठावर टेकते. त्याला पिळताही येत नाही की दाबून आत बसवताही येत नाही. त्याची कड आणि डबीची कड एकमेकींसमोर येतात, स्पर्श करतात आणि तेवढ्यावरच थांबतात. दोन हातांची गोष्ट एका हातावर आणण्यासाठी ब्लेझडेल यांनी जे मोल दिले ते हे. घोड्यावरचा स्वार, जहाजाच्या डेकवरचा खलाशी, खंदकात एका हाताने बंदूक सावरणारा शिपाई, या साऱ्यांना मोकळा असतो तो एकच हात. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याचे सगळे उत्पादन सैन्याकडे वळले; पितळेची टंचाई म्हणून डब्या पोलादाच्या झाल्या आणि त्यांच्यावर खरखरीत काळा रंग आला. त्या सैनिकांनी वाफेच्या गळतीचा बाऊ केला असेल असे वाटत नाही. दिवसातून अनेकदा लायटर उघडणाऱ्याच्या बाबतीत इंधन जळण्याआधी उडून जायला सवड कुठे मिळते? गळती जाणवते ती आपल्यासारख्यांना, जे लायटर वापरण्यापेक्षा जवळ बाळगतात अधिक.

झाकणाचा आवाज हाही या बिजागरीचाच प्रसाद. आत, चाकाच्या शेजारी, स्प्रिंगवर बसवलेली एक इवलीशी पट्टी असते. झाकण अर्धे उघडेपर्यंत ती त्याला मागे खेचते, अर्ध्यापुढे गेले की पुढे ढकलते. झाकण एक तर पुरते मिटलेले राहते किंवा पुरते उघडलेले, मधल्यामध्ये घुटमळत नाही. या पलटीचा तो खणखणीत ‘टिक्’ इतका ओळखीचा, की २०१८मध्ये अमेरिकेत तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला गेला. आता विचार करून पाहा. फट बुजवण्यासाठी झाकणाच्या काठाला रबराची गोट लावली असती तर धातूवर धातू आपटलाच नसता. आवाज मऊ पडला असता, झाकण रबरावर अडखळले असते आणि ती पट्टी बिचारी अर्ध्या वाटेत दमली असती. जो आवाज कानाला गोड लागतो तो त्या फटीचाच आवाज आहे.

आता लायटरचे पोट बाहेर काढू या. चिमणीला चिमटीत धरून वर ओढले की आतला पोलादी भाग सर्रकन बाहेर येतो. त्याला ना खिळा ना स्क्रू, केवळ घर्षणाने तो डबीत राहतो. चिमणीला दोन्ही बाजूंनी आठ-आठ भोके. त्यांतून हवा आत येते पण झोत येत नाही, म्हणून ज्योत वाऱ्यात वाकते आणि पुन्हा उभी राहते. मधोमध वात, आणि वातीत तांब्याचे केसासारखे बारीक तंतू विणलेले, म्हणजे ती जळून लवकर झिजू नये आणि ताठही राहावी. ही वात खाली कापसाच्या बोळ्यांमधून नागमोडी वळणे घेत जाते. केशाकर्षणाने इंधन तिच्यातून वर चढते. वरचे उडाले की खालचे आपोआप जागा घेते. जळण्यासाठी इंधन वर नेणारी वाट ती हीच, आणि न जळता त्याला निरोप देणारी वाटही हीच. वातीला ज्योतीची वेळ कोणती आणि रिकामी वेळ कोणती हे कळत नाही. झाकणाखाली काळोखातही ती तितक्याच इमानाने राबत असते.

पोट उलटे केले की तळाशी नमद्याची गादी दिसते आणि तिच्यावर ‘लिफ्ट टू फिल’ अशी सूचना छापलेली. गादीचे टोक उचलावे, खालच्या कापसावर इंधनाची धार धरावी. जाणते लोक या गादीखाली आणखी एक गोष्ट जपून ठेवतात: चकमकीचा सुटा खडा. या खड्याचे कुळ आपल्याला अगदीच परके नाही. लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या फडावर ज्या गॅसबत्त्यांनी रात्रीचा दिवस केला, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र जाळीचा, म्हणजे मँटलचा, जनक कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ. जाळीसाठी थोरियम हवे, ते मोनाझाइट वाळूतून काढावे लागे, आणि ते काढून झाले की सीरियमसारख्या धातूंचा ढीग मागे उरे. त्या ढिगाचे काय करावे, या विवंचनेतून १९०३मध्ये सीरियम आणि लोखंड यांचा मिश्रधातू जन्मला. पोलादाच्या दात्यांनी खरवडला की त्याचे कण हवेत पेट घेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ही मोनाझाइट वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावरूनही युरोपला जाऊ लागली. गारगोटीवर पोलाद आपटून कापसावर ठिणगी झेलणाऱ्या आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना हा खडा दाखवला असता, तर त्यांनी त्याला आपल्याच गोतातला म्हणून ओळखले असते. कापूस दोन्हीकडे आहे. इकडे तो कोरडा ठिणगी झेलतो, तिकडे तो ओला राहून वाफ पुरवतो.

हे विषयांतर झाले खरे. पण गादी उचलल्याशिवाय गळतीचा दुसरा उगम दिसला नसता. वाफ केवळ वातीतून उठत नाही. नमदा सच्छिद्र असतो आणि नुसता टेकवलेला असतो, म्हणून तळाकडूनही वाफ निघते, पोट आणि डबी यांच्यामधल्या कागदभर पोकळीतून चारही बाजूंनी वर सरकते आणि त्याच रेघेशी येऊन पोहोचते. डबीचा तळ एकसंध, तिथून वाट नाही. म्हणजे उगम दोन, मुख एकच. लायटर उभा ठेवावा या जुन्या सल्ल्यातले मर्मही इथे उमगते: वाफ जड असल्यामुळे उभ्या डबीत ती फटीच्या खाली बसून राहण्याकडे कललेली असते, आडव्या लायटरमध्ये फटीचा एक भाग तळाशी येतो आणि उताराला लागलेल्या वाफेला वाट मिळते.

इतके वाचून झाल्यावर उपायांकडे वळले की प्रत्येक उपाय म्हणजे या रेघेवर कुणीतरी लिहिलेली टीका वाटू लागते, आणि टीकाकारांचे स्वभावही कळतात. सर्वांत रोखठोक माणूस काळी इन्सुलेशन टेप घेतो आणि फटीवर वेढा मारून मोकळा होतो. वाफ बऱ्यापैकी अडते. पण पेटवायच्या वेळी टेप सोलत बसणाऱ्याने बिजागरीचा लायटर घेतला तरी कशाला? दुसरा माणूस पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणून तिची रुंद चकती कापतो आणि ती रबरबँडसारखी फटीवर चढवतो. हा मला अधिक रसिक वाटतो. चकती एका झटक्यात मनगटावर जाते, पुन्हा एका झटक्यात जागेवर येते. खणात पडून राहणाऱ्या लायटरला याहून सुटसुटीत बंदोबस्त नाही. फक्त ट्यूबचे रबर आणि नॅफ्था यांचे पटत नाही. वाफेने ते हळूहळू फुगते, सैल पडते आणि बदलावे लागते.

तिसरा माणूस अभ्यासू. तो पोटाभोवती, काठाच्या जरा खाली, बारीक ओ-रिंग चढवतो आणि मगच पोट डबीत सरकवतो. त्याने दोन उगम ओळखले आहेत आणि त्यांपैकी तळाकडचा अडवला आहे. वातीला हात लावलेला नाही, झाकणाचा आवाज तसाच आहे, बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलल्याचा पत्ताही लागत नाही. ही टीका मूळ संहितेच्या ओळींमध्ये इतकी बेमालूम बसते, की तिला दाद द्यावीच लागते. रिंग मात्र नायट्राइल रबराची हवी, ते नॅफ्थाला पुरून उरते. आणि जाडीला अगदी बेताची हवी. अंमळ जाड झाली तर पोट पुरते खाली बसत नाही, झाकण त्याच्यावर अडते आणि जी फट केसाएवढी होती ती दिसण्याएवढी होते. याच वंशातला आणखी एक प्रकार म्हणजे नमद्याखाली किंवा डबीच्या तळाशी रबराची पातळ चकती टाकणे. तत्त्व तेच, सफाई थोडी कमी.

कापूस अधिक ठासण्याचा सल्लाही ऐकू येतो. त्याने इंधनाची जागाच कमी होते, वाफ आहे तशीच राहते; त्यावर वेळ दवडू नये. लायटर फ्रिजमध्ये ठेवण्याची कल्पना कुणाला सुचलीच, तर बंद कपाटात साठणारी ज्वलनशील वाफ आणि आतल्या दिव्याचा विजेचा खटका यांची शेजारशेजारची चित्रे डोळ्यांपुढे आणावीत. पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून ठेवणाऱ्यांची तर फसगतच होते, कारण पातळ पॉलिथिनमधूनही ही वाफ हळूहळू आरपार जाते. काचेची बरणी आणि घट्ट फिरकीचे झाकण बरे. आणि जाणार आहे ते आधीच जास्त भरून ठेवू, असा युक्तिवाद करून कापूस तुडुंब भिजवणाऱ्यांना त्यांची मांडीच उत्तर देते. खिशात झिरपलेले नॅफ्था कापडाखाली कोंडले की कातडीची आग होते, फोडही येतात. कापूस ओला व्हावा, निथळू नये, आणि भरल्यावर बाहेरचा ओलावा पुसून थोडा वेळ जाऊ द्यावा.

काहींनी फट मुळातूनच नाकारली. पितळेची किंवा पोलादाची शेंगदाण्याएवढी कुपी, तिला आट्यांचे झाकण, आट्यांच्या मुळाशी ओ-रिंग: किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचे हे चिमुकले लायटर कितीतरी महिने इंधन राखून ठेवतात. त्यांच्यात दोष काढणे कठीण. पण झाकण पिळून काढताना एका हातात कुपी, दुसऱ्या हातात झाकण आणि दोन्ही हात गुंतलेले! ब्रॅडफर्डच्या क्लबातला तो ऑस्ट्रियन लायटर नव्या वेषात परत आलेला आपल्याला दिसतो. दुसरी वाट गॅसची. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळते, म्हणून त्याला दाबाखाली, झडपेआड कोंडावेच लागते, आणि झडप असली की फटीचा प्रश्नच मिटतो. फुटपाथवर लाकडी खोके मांडून वापरून फेकायच्या लायटरांनाही सुईने गॅस भरून देणारे कारागीर आपण पाहिले आहेत; झिप्पोच्या डबीत बसणारे गॅसचे पोट तर आता ती कंपनी स्वतःच विकते. आठवडे जातात, इंधन हलत नाही. मात्र गॅसच्या लायटरवर अंगठा दाबून धरावा लागतो, सुटला की ज्योत गेली. वातीची ज्योत एकदा लागली की तशीच तेवते. लायटर जमिनीवर उभा करून दोन्ही हातांनी बुटाची नाडी बांधावी, चूल मांडावी, काही शोधावे, ती पिवळी, मऊ, जराशी काजळी धरणारी ज्योत झाकण मिटेपर्यंत आपली वाट पाहते. एका हाताने पेटते आणि पेटल्यावर तोही हात मोकळा सोडते, हे औदार्य मला झडपेत सापडत नाही.

चित्रपटांनी अर्थात या कटकटीकडे कधी ढुंकून पाहिले नाही. १९६१च्या ‘हम दोनों’मध्ये देव आनंद यांच्या हातातला लायटर उघडला की जयदेव यांची ती सुरावट वाजते, आणि त्या सुरावटीवर अर्धे कथानक तोलले जाते, पण त्याच्यात इंधन कोणी आणि केव्हा भरले, हा प्रश्न आपल्याला शिवत नाही. पडद्यावरच्या लायटरला फट नसते.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना मात्र ती आठवून ठेवावी लागते. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघण्याच्या घाईत भरलेला लायटर शनिवारी-रविवारी साथ देतो. पण मागच्या महिन्यातल्या ट्रेकसाठी भरून सॅकच्या कप्प्यात विसरलेला लायटर राजगडावर नुसत्या ठिणग्या दाखवतो. अशांसाठी उत्तम तोडगा लायटरच्या बाहेरच आहे. बोटाएवढी धातूची कुपी, आट्यांचे झाकण, आत रबरी कडी, किल्ल्यांच्या कडीत अडकवण्याची सोय. झिप्पोनेच ती काढलेली आहे. लायटरला जे बंदिस्त झाकण ब्लेझडेल यांनी नाकारले, ते त्याच्या या सोबत्याने विनातक्रार स्वीकारले, आणि दोघांनी कामे वाटून घेतली. गडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला उतरल्यावर, चढण लागण्याआधी, पोट बाहेर काढावे, गादी उचलावी, कुपीतली धार कापसावर धरावी. गादीखालचा खडा जागेवर आहे ना, तेही तेव्हाच पाहून घ्यावे. हात आणि लायटर कोरडे पुसावेत, वास ओसरेपर्यंत थांबावे. कुपीचे झाकण बोटांनीच घट्ट फिरवावे. पक्कड लावली तर आतली रबरी कडी चिरडते.